पुढच्या खोलीतला ओव्हन

"आज माझा चीज टोस्ट खाल्ल्यावर गंगापूर रोडच्या बायका पोह्यांचं नावसुद्धा काढणार नाहीत!" छायाने सकाळीच जाहीर केलं आणि नवऱ्याच्या हातात गाजरं आणि किसणी दिली. महेशला शनिवारची सुट्टी होती. ती तिथेच संपली.

छायाला स्वतःचा क्लास काढायचा होता. केबल नुकतीच घरोघरी आली होती आणि दुपारच्या कार्यक्रमातल्या एक बाई रोज ओव्हनमध्ये काहीतरी ढकलून हसत हसत बाहेर काढायच्या. छायाने महेशच्या मागे लागून ओव्हन आणवला, 'छाया ओव्हन क्लासेस' अशी पाटी रंगवून फाटकावर लावलीसुद्धा! अडचण एकच होती. ओव्हनला लागणारा मोठ्या पिनेचा पॉइंट घरात फक्त पुढच्या खोलीत होता, आणि त्या खोलीवर सासूबाईंचा डोळा होता.

आक्काबाईंना तिथे कांदे भरायचे होते. घरामागे मळा, आणि सगळी हयात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात भाजी विकण्यात गेलेली. "उन्हाळी कांदा आता निघंल. तो काय माझ्या उशाला ठिवू?" असा त्यांचा बिनतोड सवाल होता. शेवटी तह झाला. छायाने शनिवारी बायकांना बोलावून टोस्ट करून दाखवायचा. एक जरी बाई क्लासला लागली तर खोली छायाची, नाहीतर कांद्यांची.

आक्काबाई खाष्ट नव्हत्या हं! सुनेचं कौतुकच होतं त्यांना. फक्त एक सवय हाडीमांसी खिळलेली होती. भाजी दिसली की हात पाण्याकडे जायचा. फ्रीजमधल्या मेथीवर पाणी, देवापुढच्या दूर्वांवर पाणी, शेजारच्या सुलाबाई गप्पा मारायला टेकल्या तर त्यांच्या पिशवीतल्या पालकावरही पाणी.

छायाने ब्रेडला लोणी लावलं, त्यावर शिमला मिरची, टोमॅटो, कांदा आणि महेशने किसलेलं गाजर भरपूर रचलं. ट्रे पुढच्या खोलीत टेबलावर ठेवून वर जाळी झाकली आणि ती साडी बदलायला गेली. टीव्हीवरच्या बाई रेशमी साडी नेसून स्वयंपाक करत, तेव्हा हिने चक्क लग्नातली पैठणी काढली. एप्रिलच्या उन्हात! पैठणीच्या निऱ्या काही लवकर जमेनात. तेवढ्यात आक्काबाई बाजारातून परत आल्या, भाजीची रिकामी पाटी पुढच्या खोलीतच टेकवली आणि आत जाऊन चहा टाकला.

बायका आल्या. सुलाबाई होत्या, कॉलनीत पहिलं वॉशिंग मशीन आणणाऱ्या शुभांगीताई होत्या, आणखी दोघी-तिघी होत्या. छायाने जाळी उचलली आणि स्वतःच थक्क झाली. भाज्या नुसत्या चमकत होत्या!

"बघा! एवढ्या उन्हातही भाजी कशी टवटवीत! कापायची पद्धत असते एक."

"कमालच आहे बाई!" शुभांगीताई म्हणाल्या.

छायाने वरून चीज पेरलं, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि बटण फिरवलं. "आता दहा मिनिटांत कुरकुरीत!"

पाच मिनिटांत ओव्हनच्या काचेवर धुकं चढलं. मग आतून चर्र असा आवाज आला.

"छायाताई, याला शिट्टी होते का?" एकीने विचारलं.

"कुकर नाही हो तो!" छाया हसली, पण पैठणीच्या आत तिला दरदरून घाम फुटला होता. तिने दार उघडून ट्रे ओढला. ट्रे कलला, पाण्याची धार ओव्हनच्या तापलेल्या सळईवर पडली आणि फाट्! घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रीज एका दमात बंद!

ट्रेमध्ये टोस्ट नव्हताच. लापशी होती. तिच्यावर चीज तरंगत होतं.

"अहो! तुम्ही पिन नीट लावली नव्हती!" छाया ओरडली.

"पिन चुकली तर पाणी येतं होय?" फ्यूज बघायला धावत आलेला महेश म्हणाला.

"ब्रेडच ओला असेल," सुलाबाई म्हणाल्या.

"गाजराला पाणी सुटलं," शुभांगीताईंनी निदान केलं. सगळ्या महेशकडे बघू लागल्या, कारण गाजर त्याने किसलं होतं.

चहाचा ट्रे घेऊन आक्काबाई बाहेर आल्या. लापशीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "कोमेजलं का गं, छाये? पाणी कमी पडलं आसंल. मी आपलं दोनच तांबे मारलं!"

सुलाबाईंना हसू फुटलं आणि पाठोपाठ सगळ्यांनाच. छाया मात्र रडायच्या बेतात होती. गेली खोली! कांद्यांचा वास तिला आत्ताच येऊ लागला. पण बायका उपाशी कशा पाठवायच्या? तिने पैठणीचा पदर खोचला, उरलेला ब्रेड घेतला आणि स्वयंपाकघरात गॅसवर लोखंडी तवा चढवला. ब्रेड, भाजी, चीज, वर झाकण, आच मंद. बायका तिच्यामागे आत शिरल्या. झाकण उघडलं तेव्हा चीज कडेने ओघळलं होतं आणि खालून ब्रेड खमंग लालसर!

"अगंबाई, हे तव्यावर होतं?" शुभांगीताई तोंडात घास धरूनच म्हणाल्या. "मग आधी सांगायचं ना! आमच्या कुणाकडेच ओव्हन नाही. माझं नाव लिहून घ्या!"

"माझंही!"

"माझंही!"

छाया फुलून आली आणि सासूबाईंकडे वळली. "आत्याबाई, बघा! एक सोडून तिघी लागल्या! खोली माझी!"

आक्काबाईंनी दुसरा टोस्ट संपवला, बोटं चाटली. "लय झ्याक झालंय. पण छाये, ह्यो तवा तर स्वैपाकघरात हाय."

"हो."

"शिकवणी तव्यावर."

"हो..."

"मग त्या खोलीत तुझं काय काम?"

क्लास अजूनही जोरात चालतो. पुढच्या खोलीत छतापर्यंत कांदे आहेत. फाटकावरची पाटी मात्र छायाने उतरवू दिली नाही, त्यामुळे एखादी नवी बाई येते आणि हौसेने म्हणते, "ओव्हन बघू ना!"

"थांबा हं," छाया म्हणते, "सध्या आत्याबाईंनी त्यात लसणाचं बी ठेवलंय."