आबांचा डेटाबेस झोपत नाही

भाचीच्या लग्नात नवरा-नवरी जेवायला उतरली आणि आबांनी स्टेजचे सगळे दिवे बंद केले. फोटोग्राफर पायरीवरून घसरला. आबा उलट त्यालाच विचारत होते, "रिकाम्या खुर्च्यासले उजेड कसाले?"

आबा दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी. त्यांच्या गोदामाचं अ‍ॅप मी धुळ्यात बसून बनवलं, ही माझी हौस. मालाची सगळी माहिती दूरच्या एका कंपनीच्या डेटाबेसमध्ये साठते आणि महिन्याला बिल येतं. मी समजावलं, "साठवणीचं भाडं ठरलेलं, आबा. बाकी पैसे तो जागा असेल तेवढ्या वेळाचे. कोणी अ‍ॅप उघडलं की जागा होतो. सगळ्यांनी बंद केलं की थोड्या वेळाने झोपतो, मीटर थांबतो."

"म्हनजे हमालसारखंच! काम नही, मजुरी नही." आबा बेहद्द खूश झाले.

मग काय विचारता! मुनीमजींना सगळ्या नोंदी दुपारी एकदमच करायची ताकीद मिळाली. कोणी मालाची चौकशी केली की आबा तोंडावर बोट ठेवत. "आते नका इचारू, तो जपेल शे. दुपारले या." आत कुणी आजारी माणूस झोपलंय असं समजून व्यापारी कुजबुजत भाव करायचे.

आणि एवढं करून बिल आलं भलंमोठं. आबा तणतणत धुळ्याला माझ्या ऑफिसात हजर. मी तपासलं, तर डेटाबेस महिनाभर धड झोपलाच नव्हता. गोदामातलं कुणी दोषी नव्हतं. अ‍ॅप उघडं होतं पुण्यात, अक्कांच्या फोनवर.

अक्का म्हणजे आबांची बायको. पूर्वी नोंदी त्याच करायच्या. नातू झाला तशा मुलाकडे गेल्या, त्या तिकडेच अडकल्या.

"चोर सापडला," मी म्हणालो. "इथूनच बंद करतो."

आबांनी माझा हात धरला. "नको रे भाऊ. ऱ्हाऊ दे."

अ‍ॅपमध्ये ज्याचं उघडं असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. आबा खाली बघत म्हणाले, "फोन कया का सून जवळ ऱ्हास. काय बोलसूत? हिरवं दिसनं का समजस, उठनी, चहा कया." मला एकदम वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या माणसाला नुसताच हसत आलो होतो.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तिले मना दिसस का?"

खोटं बोलवेना. "तुम्ही बघून लगेच बंद करता ना, आबा. तुमचा क्षणभर येतो आणि जातो. म्हणून तर त्या दिवसभर उघडं ठेवून बसत असतील."

आबांनी खिशातून फोन काढला. मग व्यापाऱ्याच्या आवाजात म्हणाले, "मी बी उघडं ठेवं, तर जास्ती लागस का?"

"नाही. एकदा जागा झाला की एकाने बघा नाहीतर दोघांनी, पैसे तेवढेच."

त्यांनी अ‍ॅप उघडलं आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. आम्ही चहा घेत मिरचीच्या भावाचं बोलत राहिलो. चहा संपतोय तोच तो फोन वाजला. अक्का होत्या, घाबरलेल्या.

"अहो, तुमनं हिरवं कसं जात नही? तुमले बरं शे ना?"