दाजींचा ट्रॅक्टर आणि मेहुण्याचं वजन

"ट्रॅक्टरमधलं मला कुणी काही सांगायचं नाही!" असं दाजींनी साऱ्या बाजाराला बजावून ठेवलं होतं. त्यामुळे शोरूमवाला भीतभीतच म्हणाला, "दाजी, हा नांगर तुमच्या ट्रॅक्टरला जड होईल. पुढच्या चाकांना लोखंडी वजनं लावून घ्या, नाहीतर ट्रॅक्टर पुढून उचलेल."

"उचलेल? माझा ट्रॅक्टर? अहो, माझ्या हातात स्टिअरिंग असताना त्याची पापणी हलत नाही!" दाजी म्हणाले आणि नांगर घेऊन ऐटीत निघाले.

शेतात त्यांनी नांगर वर घ्यायचा दांडा ओढला. नांगर जागचा हलला नाही. हलली ती पुढची चाकं! दोन्ही चाकं हवेत, बॉनेट आभाळाकडे, आणि दाजी न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे मागे रेललेले.

बांधावरून बायको ओरडली, "अहो, खाली या! न सांगता कुठे निघालात?"

आता शोरूममध्ये परत जायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखं होतं. तेवढ्यात शोरूमवाल्याचाच फोन आला. "दाजी, वजनं पाठवू का?"

"काही गरज नाही! घरचा मेहुणा आहे. त्याला बसवतो पुढे!" दाजींनी फोन आपटला, आणि आपलीच युक्ती त्यांना इतकी आवडली की त्यांनी लगेच मेहुण्याला फोन लावला.

मेहुण्याला घरात बारक्या म्हणत. लहानपणी काडीसारखा होता, तेव्हाचं नाव. पुढे शरीर दारातून आडवं होऊन आत येण्याइतकं वाढलं, नाव तेवढंच राहिलं. शेतकरी संघाच्या कचेरीत तो कारकून होता. सासुरवाडीच्या कुठल्याही बैठकीत त्याने तोंड उघडलं की दाजी म्हणत, "बारक्या, तू जरा पाणी आण."

"बारक्या, उद्या सकाळी ये," दाजी म्हणाले. "तुझं वजन हवंय."

पलीकडून घोगऱ्या आवाजात, "खरं म्हणता, दाजी?"

"खोटं कशाला बोलू? आपल्या नातेवाइकांत तुझ्याइतकं वजन दुसऱ्या कुणाचं आहे?"

"येतो दाजी! नक्की येतो!" आणि नाक ओढल्याचा आवाज आला. यात रडण्यासारखं काय आहे, हे काही दाजींना कळलं नाही. सर्दी असेल!

सकाळी दाजींनी बॉनेटच्या पुढे गोणपाटाची घडी बांधून बैठक तयार केली. धरायला दोरी! मेहुण्याची याहून काय बडदास्त ठेवायची?

बारक्या आला तो कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, चकचकीत बूट आणि अंगावर अर्धी बाटली अत्तर अशा थाटात! गाडीचं दुसरं दार उघडून त्याने अदबीने एका गृहस्थांना उतरवलं. ते संघाचे अध्यक्ष. छत्रीच्या काडीला कोट घातल्यासारखे दिसत होते.

"दाजी, माझं वजन कमी पडायला नको," बारक्या छाती काढून म्हणाला, "म्हणून अध्यक्षांनाच घेऊन आलो!"

दाजींनी अध्यक्षांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "यांना? यांचं असं कितीसं वजन असणार! वारा सुटला तर यांनाच बांधून ठेवावं लागेल!"

बारक्याचा चेहरा पडला. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझं वजन किती, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता," ते म्हणाले.

बायकोने दाजींना हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, शुद्धीवर आहात ना? माझा भाऊ काल आईला फोन करून रडला! म्हणाला, दाजींनी शेवटी माझं वजन मानलं! कुणाकडे शब्द टाकायचाय त्याने?"

दाजींच्या डोक्यात तेव्हा कुठे लख्ख उजेड पडला. आणि बायको तर अशा मायेने बघत होती की तसं तिने लग्नानंतरचे चार दिवस सोडले तर कधी बघितलं नव्हतं. आता हिला गोणपाटाची घडी कशी दाखवायची?

दाजी बाहेर आले आणि सुचलं ते बोलले. "तो शोरूमवाला... पुढच्या चाकांची वजनं देतच नाही हो!"

"माझ्या दाजींना नाही म्हणतो?" बारक्या उसळला.

"म्हणजे अगदी तसं नाही..."

"दारातून परत पाठवलं असेल!"

"पाठवलं म्हणजे..."

"साहेब, ऐकलंत? माझ्या दाजींना पायरीवरून ढकललं त्याने!"

अध्यक्षांनी फोन काढला. आवाज मात्र काडीचा नव्हता! "संघाचे एवढे ट्रॅक्टर तुमच्याकडून जातात, आणि एका सभ्य माणसाला तुम्ही पायरीवरून ढकलता?" दाजी मध्येमध्ये "राहू द्या हो, राहू द्या" म्हणत होते. सगळ्यांना वाटलं, काय मन मोठं आहे!

शोरूमवाला टेंपोत वजनं घालून जातीने आला. घामाने निथळत होता. "साहेब, मी कुणाला ढकललं नाही! उलट मीच वजनं पाठवतो म्हटलं, तर दाजी म्हणाले, गरज नाही, घरचा मेहुणा आहे, त्याला बसवतो पुढे!"

बारक्याची नजर हळूहळू बॉनेटवरच्या गोणपाटाकडे गेली. मग दोरीकडे. मग स्वतःच्या पोटाकडे.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "ते वजन?"

दाजींना वाटलं, नांगराच्या फाळाखाली आपणच आडवं व्हावं. "बारक्या, चुकलो रे," ते पुटपुटले. दाजींच्या तोंडून हा शब्द बायकोने पहिल्यांदाच ऐकला.

पहिल्यांदा हसले ते अध्यक्ष! इतके हसले की बारक्याला त्यांना धरावं लागलं. धरता धरता तोही हसला. पण डोळे पुसून तो म्हणाला, "माझ्या एका शब्दावर टेंपो आला ना, दाजी?"

"आला," दाजी म्हणाले. "बघितलं मी."

चाकांना वजनं बसली. बारक्याने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि न विचारता सीटवर चढला. दांडा ओढला तसा नांगर अलगद वर आला. पुढची चाकं जमिनीला चिकटलेली! अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, बायको भावाकडे बघून हरखली. दाजींनाही राहवेना. मालक या नात्याने ते मागून चढायला गेले.

"दाजी, तुम्ही खालीच थांबा," शोरूमवाला कळवळून म्हणाला. "आत्ता कुठे तोल जमलाय!"

हे तो ट्रॅक्टरबद्दल म्हणाला की घराबद्दल, ते विचारायचं धाडस दाजींना झालं नाही. ते आपले मुकाट्याने पाणी आणायला गेले.