भांडं रिकामं द्यायचं नाही

बायको, पद्मा, गेल्याचं ज्योतीरामला चाकणच्या कंपनीत, पहिल्या शिफ्टमध्ये कळलं. तो काळेवाडीला घरी पोचला तेव्हा बायका जमल्या होत्या आणि त्याची आठ वर्षांची मुलगी दिव्या सगळ्यांदेखत विचारत होती, "मग आज जेवायला काय?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. ज्योतीरामला मात्र नवल वाटलं नाही. पोरगी पहिल्यापासून तशीच. नाश्ता खातानाच दुपारचं विचारायची, आणि जिन्यात उभी राहून कोणाच्या घरात कसली फोडणी पडली ते सांगायची.

शेजाऱ्यांकडून जेवण येऊ लागलं. तेरावं झालं तरी खालच्या दुर्गाबाई आणि समोरच्या सुमनताई थांबल्या नाहीत. या दोघी सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. टाकीच्या पाण्यावरून बिनसलं होतं. डबे मात्र दोघींचेही यायचे. आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही पद्माची रीत होती. ज्योतीराम आधी साखर घालून देत होता. साखर संपली. शिफ्टला निघताना तो दिव्याला म्हणाला, "काहीतरी घालून देत जा, बाळा."

पुढच्या आठवड्यात सुमनताईंनी त्याला जिन्यात गाठलं. "भाऊ, वांगं काय झालं होतं हो. कुठं शिकलात?"

वांगं त्याने केलंच नव्हतं. पण हल्ली त्याला बरंच काही आठवत नसे. केलंही असेल, असं समजून तो "असंच" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई. "ज्योतीराम, थालीपीठ ब्येस व्हतं. मला वाटलं न्हाई तुला जमंल."

ही कीर्ती लातूरला, पद्माच्या धाकट्या बहिणीपर्यंत गेली. जूनमध्ये दिव्याला आपल्याकडे न्यायचं, असं विजयश्रीने ठरवूनच टाकलं होतं. तिचा फोन आला. "दाजी, लेकराचे हाल होतील म्हणून मी न्यायचं म्हणत होते. तुम्ही तर चांगलं करून घालताय म्हणे. रविवारी येते. तुमच्या हातचं खाते, मग ठरवू."

ज्योतीरामने दिव्याला समोर बसवलं. "डब्यात काय घालून देतेस?"

"खालच्या आजीचं वांगं समोरच्या काकूला. काकूचं थालीपीठ आजीला."

"अगं, का?"

"तुम्हीच म्हणालात, काहीतरी घाल. आणि काकूला वांगं आवडलं की दुसऱ्या दिवशी शिरा येतो."

"आणि आपल्याला?"

"आपलं आधी काढून ठेवते ना, पप्पा."

रविवारी ज्योतीरामने पिठलं-भात केला. विजयश्रीला भेटायला दोघी शेजारणी आल्या, तर तिने त्यांनाही पानावर बसवलं. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या.

"मीठ जास्त झालंय," दिव्या म्हणाली. "गाठी पण आहेत. गरम आहे पण."

"दाजी, मग ते वांगं?" विजयश्रीने विचारलं.

ज्योतीरामने भात कालवत सगळं सांगून टाकलं. मुलगी आता जाणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

सुमनताईंचा घास हातातच राहिला. दुर्गाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "थालीपिठात धनं भाजून घालती का?"

"भाजूनच," सुमनताई समोरच्या भिंतीला म्हणाल्या. "वांग्यात कारळं असतं ना?"

"व्हय."

सहा वर्षांतलं दोघींचं हे पहिलं बोलणं.

विजयश्रीने दिव्याला जवळ घेतलं. "चलतीस लातूरला? दोन्ही वेळा गरम, बिनगाठीचं."

दिव्या विचारात पडली. चांगलं खायला मिळणार म्हटलं की ही पोरगी कुठेही जाईल, हे ज्योतीरामला माहीत होतं.

"मावशी, तुझ्या शेजारी कोण राहतं?"

"कुणी नाही. आपलं सुटं घर आहे."

"मग नको," दिव्या म्हणाली. "एकाच घरचं रोज कसं खायचं?"

विजयश्री हसायला लागली आणि हसता हसता उठून आत गेली. संध्याकाळच्या गाडीने ती एकटीच परतली.

आता ज्योतीराम स्वतः काहीतरी करून भांड्यात घालतो. खालून आणि समोरून चुका कळवल्या जातात, त्याही दोघी मिळून. भांडी येत राहतात. पद्माविषयी मात्र बापलेकीचं अजून बोलणं झालेलं नाही.