बेनंबरी घर

राणीसावरगावच्या सटवाजीनं घर बांधलं आणि ते कुणालाच दिसलं नाही. सगळी भानगड इथूनच सुरू झाली.

घर बांधायला कारणही तसंच होतं. सटवाजी मेंढरं राखणारा माणूस. आठ महिने रानोमाळ, चार महिने गावाकडं. बिऱ्हाड घोड्यावर, छप्पर आभाळाचं. त्याची बायको कासाबाई हिची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण लेक भिवरा गरोदर राहिली, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं हा तर जगाचा कायदा. भिवराच्या सासूनं निरोप पाठवला, "माहेराला दार असंल तर पोरीला धाडू." दिवस भरणार होते ऐन वैशाखात. त्या दिवसापासून कासाबाईनं नवऱ्याला सुखानं भाकर खाऊ दिली नाही.

सागवानाला पैसे लागतात, मुरूम फुकट असतो. सटवाजीनं तरुणपणी मजुरीवर पाटलाचं जमिनीखालचं धान्याचं पेव साफ केलं होतं. वर माती भाजत होती आणि खाली पेवात अंगावर वाकळ घ्यावी असा गारवा. ते त्याच्या डोक्यात वीस वर्षं बसलं होतं. त्यानं गावाला लागून असलेल्या आपल्या बरड तुकड्यात पहार मारली. दोन महिन्यांत खाली दोन खोल्या निघाल्या. उतरायला सात पायऱ्या, वर बाभळीची लाकडं, त्यावर तुराट्या, त्यावर मातीचा थर, धूर जायला एक भोक. पाणी आत येऊ नये म्हणून भोवती बांध. कासाबाईनं भिंती पांढऱ्या मातीनं सारवल्या आणि म्हणाली, "बरं झालंय." तिच्या तोंडून याहून मोठी स्तुती गावानं कधी ऐकली नव्हती.

पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं तरी त्याची दफ्तरं शाबूत होती, आणि आता त्यांत नवी भर पडत होती. अशात हुकूम सुटला की प्रत्येक घराला नंबर टाकावा. पटवारी किशनराव गेरूचं मडकं आणि रजिस्टर घेऊन दारोदार फिरत बरडावर आले.

"सटवाजी, घर कुठाय तुझं?"

"साब, तुमी छपरावरच उभे हायत."

किशनरावांनी बाजूला उडी मारली. खाली उतरले, हिंडून पाहिलं, गार पाणी दोनदा मागून प्यायले आणि नाइलाजानं वर आले. वर आल्यावर त्यांना कायदा आठवला. नंबर दर्शनी भिंतीवर, दाराच्या उजव्या अंगाला, पुरुषभर उंचीवर टाकायचा होता.

"तुझ्या घराला दर्शनी भिंतच नाही."

"भिंती हायत की साब. समद्या आतून हायत."

"आतला नंबर सरकारला कसा दिसणार? आणि नंबर नाही म्हणजे हे घर नाही, बेवारस खड्डा आहे. बेवारस खड्डे महिन्याच्या आत बुजवावेत, असा दुसरा हुकूम आहे."

सटवाजी समजूतदार माणूस. सरकारला भिंत पाहिजे तर भिंत देऊ, म्हणाला. उकरलेल्या मुरमाचा ढीग होताच, त्याची त्यानं पायऱ्यांच्या तोंडाशी एक देखणी भिंत घातली. किशनराव गेरू घेऊन आले आणि कुंचला हातात धरून थबकले.

"ही भिंत कशाची?"

"नंबराची."

"अरे, नंबर घराला असतो. सुट्या भिंतींना नंबर द्यायला लागलो तर रजिस्टर पुरायचं नाही. चार भिंती, एक दार, वर छप्पर, एवढं तरी कर."

सगळा मुरूम संपला तेव्हा चार भिंती झाल्या. पाच मेंढ्या विकून गंगाखेडाहून पत्रे आले. मग मात्र किशनरावांनी झोकात सत्तेचाळीस आकडा काढला आणि कासाबाईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. पत्र्याखाली दुपारी कोंबडीसुद्धा थांबत नव्हती. पण घर नंबराचं होतं, माणसं खाली गारव्यात होती, आणि भिवराला आणायला बैलगाडी कधी धाडायची एवढंच ठरायचं होतं.

चैत्रात गिरदावर माणिकराव तपासणीला आले, तेही भर दुपारी. किशनरावांचे वरिष्ठ असल्यामुळं त्यांची तपासणीही सखोल होती. ते खाली उतरले, घोंगडीवर टेकले आणि दोन तास घोरले. उठून तांब्याभर ताक प्यायले आणि तिथंच बसून अहवाल लिहिला, "जमिनीखालील जागा समक्ष पाहिली. मनुष्यवस्तीस अयोग्य."

"एका नंबरावर दोन घरं बसत नाहीत," ते म्हणाले. "वरचं मंजूर आहे. खालचं महिन्याच्या आत बुजव."

"साब, लेक बाळंतपणाला यायलीय. वर भाजून निघंल की ती."

"नंबर मिळाला ना? मग रडतोस कशाला?"

सटवाजी रडत नव्हता, पण आता त्याला खरंच रडू आलं. घर त्यानं लेकीसाठी बांधलं होतं, नंबरासाठी नव्हे. रात्रभर त्यानं विचार केला आणि सकाळी किशनरावांना एवढंच विचारलं, "साब, बुजवायला माती कुठनं आणू? समदी भिंतीला लागलीय."

"भिंतीला हात लावायचा नाही. तिच्यावर सरकारी नंबर आहे." किशनरावांनी कागद चाळले. "भरावाची माती आपल्याच जमिनीतून उकरून घ्यावी, असं कलम आहे."

"मंग त्यो उकरलेला खड्डा?"

"सरकारी हुकुमानं उकरलेला खड्डा बेवारस कसा असेल?"

सटवाजीनं कासाबाईकडं पाहिलं, कासाबाईनं सटवाजीकडं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती; दोघांचं न बोलता एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. दहा पावलांवर, बाभळीआड, दोघांनी मिळून त्याच मापाची माती काढली. दोन खोल्या, सात पायऱ्या. जुनी लाकडं नव्या खड्ड्यावर चढली आणि नव्या खड्ड्याची माती जुन्यात गेली. किशनरावांनी रजिस्टरात लिहिलं, "खड्डा बुजविला. तामील झाली." माती कुठून आली, याला रजिस्टरात रकाना नव्हता.

वैशाखात भिवराला मुलगी झाली, आई आणि लेकरू दोघी गारव्यात निवांत. पाचवीच्या दुसऱ्या दिवशी जन्माची नोंद करायला गिरदावर आणि पटवारी दोघेही आले, का ते सांगायला नको. दोघे घाम पुसत सरळ बाभळीकडं निघाले. कासाबाई पायरीवर आडवी उभी राहिली.

"आत बाळंतीण हाय. गडीमाणसाला येता येत न्हाई."

"मग आम्ही बसायचं कुठं?"

"नंबराच्या घरात बसा की, साब. मंजूर हाय त्ये."

दोघं पत्र्याखाली बसले. घामाचे थेंब रजिस्टरावर पडत होते, त्यांतूनच त्यांनी लिहिलं, "जन्मस्थळ : घर नंबर सत्तेचाळीस."

त्या घरात पुढं कधीच कुणी राहिलं नाही. दफ्तरात मात्र सटवाजीचं सगळं कुटुंब तिथंच सुखानं नांदतं. तेव्हा दारावर नंबर मिरवत, तापलेल्या छपराखाली याच पुस्तकानं वारा घेत ही हकिकत वाचणाऱ्यांनी सटवाजीला अडाणी म्हणायला काही हरकत नाही.