नानांच्या गाडीतली हवा

आमच्या बिल्डिंगच्या गेटसमोर एखादा माणूस उभ्या गाडीला उदबत्ती ओवाळताना दिसला, तर हात जोडू नका. ती पूजा नसते. ते नाना सावे असतात, आणि आत चारही काचा बंद करून, घामाघूम होऊन बहुधा मी बसलेली असते.

बॉनेट आणि पुढची काच यांच्यामध्ये जी जाळी असते, तिथे नाना पेटलेल्या उदबत्त्यांचा जुडगा धरतात. बाहेरची हवा तिथून आत शिरते एवढं त्यांना मान्य आहे. बाकी काहीच मान्य नाही. काचेला तोंड लावून ते विचारतात, "वास आला?" मी मानेनेच हो म्हणते. मग ते मला डॅशबोर्डवरची हवेची कांडी दुसऱ्या टोकाला सरकवायला लावतात आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. मी नाही म्हणते. नाना माझ्याकडे, फितूर साक्षीदाराकडे वकील बघतो तसं बघतात आणि सगळं पहिल्यापासून करायला लावतात. एकदा एका रिक्षावाल्याने थांबून गाडीला नमस्कार केला आणि प्रसाद मागितला. नानांनी त्यालाच आत बसवून त्याची साक्ष घेतली. ती माझ्या साक्षीशी तंतोतंत जुळली. त्यावर नाना म्हणाले, "तुमचं दोघांचं आधीच ठरलेलं दिसतंय."

नाना मूळचे चिंचणीकडचे, वाडीवाले. भावांच्या वाटणीत त्यांच्या हिश्श्याला अर्धी विहीर आली, तेव्हापासून ते असे संशयी झाले, असं माझी आई म्हणते. नाना म्हणतात, ते आधीपासूनच संशयी होते, म्हणून निदान अर्धी तरी मिळाली. पुढे ते बोईसरला एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले, तिथूनच निवृत्त झाले आणि आता कारखान्यांच्या कुशीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहतात.

"ह्यात गोम हाय," हे त्यांचं पालुपद. लिफ्ट दुरुस्त झाली म्हटलं की आधी वॉचमनला एकट्याला वर पाठवतात. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर नॉर्मल सांगितलं की मशीन बदलून पुन्हा बघायला लावतात. लग्नपत्रिका आली की बोलावण्यामागचा हेतू शोधत बसतात. आंब्याची पेटी ते तळापासून खातात, कारण वरचे गोड ठेवलेले असणारच. गाडी मात्र फार चांगली चालवतात. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसावर संशय असल्यामुळे आजवर त्यांची गाडी कुणाला घासलेली नाही.

ही गाडी त्यांनी हौसेने घेतलेली नाही. ती घेतली त्यांच्या बायकोसाठी, म्हणजे आमच्या काकींसाठी. काकींना दमा आहे. आमच्याकडे काही दिवशी कारखान्यांच्या बाजूने आंबूस, गोडसर वास येतो. आम्ही खिडक्या लावतो आणि आपापल्या मालिका बघत बसतो. काकींना मात्र धाप लागते. एकदा रिक्षाने स्टेशनला जाताना वाटेतच त्यांचा श्वास अडकला, तेव्हापासून त्या गेटच्या बाहेर पडलेल्या नव्हत्या. त्यांची एकुलती एक लेक मासवणला दिलेली. तिला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं. पण या हवेत तान्हं मूल नको, असं नानांनीच व्याह्यांना कळवलं. काकी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग बारशाला तरी मी जाणार. कशी न्यायची ते तुमी बघा."

नाना बघायला लागले. शोरूममध्ये त्यांना अशी गाडी दाखवली, की आपण फक्त आकडा टाकायचा, आत किती गार ठेवायचं ते गाडी स्वतः ठरवते. "ती ठरवणार? ती कोण?" असं म्हणून नाना बाहेर पडले आणि पालघरच्या एका गृहस्थाकडून त्यांनी जुनी छोटी गाडी घेतली. तिच्यात सगळं हाताने करायचं. तीन गोल खटके, एक सरकती कांडी आणि बर्फाच्या फुलाचं एक बटण, म्हणजे एसी.

मी केमिस्ट्रीची पदवीधर. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे मला कुणी काही विचारलं की मी अर्धवट उत्तर देत नाही. मी नानांना एकेक समजावलं. पहिला खटका निळ्यापासून लाल रंगापर्यंत फिरतो, म्हणजे गारपासून गरमपर्यंत. नाना म्हणाले, आमच्या बोईसरात मे महिन्यात माणूस शिजतो, तिथे गरम हवा विकणाऱ्याच्या मनात काय असेल? त्यांनी लाल भागावर चिकटपट्टी लावली. दुसरा खटका पंख्याचा. तो त्यांना पटला, कारण त्याचा आवाज येतो. तिसऱ्यावर चित्रं: बसलेला माणूस आणि त्याच्या तोंडाकडे, पायाकडे किंवा काचेकडे जाणारे बाण. नानांनी चष्मा वर करून बराच वेळ निरीक्षण केलं. "ह्या माणसाला हात नाय. हा गाडी चालवतो कसा?"

खरं भांडण कांडीवरून. एका टोकाला गाडीत शिरणारा बाण: बाहेरची हवा. दुसऱ्या टोकाला गाडीतच गोल फिरणारा बाण: आतलीच हवा. म्हणजे कारखान्यांपुढून जाताना दुसरं टोक. एवढं सोपं आहे. पण चित्र काढणाऱ्याने बाण उलटा काढला नसेल कशावरून? म्हणून त्या उदबत्त्या.

आणि बर्फाचं बटण तर त्यांनी कायमचं बंद केलं. त्याला कारण एसीचा मेकॅनिक. त्याने पाइपला मीटर लावून खुशीत सांगितलं, "चाचा, गॅस एकदम बराबर है." नाना स्टुलावरून उठलेच. म्हणजे आत्ता ह्या गाडीत गॅस आहे? मी बायकोला गॅसपासून वाचवायला गाडी घेतली, आणि तुम्ही तो आधीच आत भरून ठेवला? मी सांगितलं, तो गॅस बंद पाइपात फिरतो, माणसाच्या नाकाशी त्याचा संबंध येत नाही. नानांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "बाय, आमच्या कारखान्यात पण सगळं बंद पाइपातच होतं." बटणावरही पट्टी बसली.

आता माझ्या संशयाबद्दल. मी इथल्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. गाडी आल्यापासून नाना मला रोज सकाळी कामावर सोडायला लागले. हा माणूस पाहुण्याला चहा देताना तो साखर उसनी मागायला आलाय का हे आधी बघतो. तो फुकट गाडीतून नेतो म्हटल्यावर माझ्या आईचे कान टवकारले. तिचा तर्क असा, की नानांचा कुणीतरी पुतण्या लग्नाचा असणार. मलाही तो तर्क पटला, कारण वाटेत नाना माझी नको तेवढी चौकशी करायचे. सर्दी आहे का, रात्री झोप लागली का, नाक चोंदतं का. सासरचे लोक मुलीची उंची विचारतात, हे नाकावर का आलेत, ते कळत नव्हतं. आणि रोज वाटेतल्या नाल्यापाशी आणि कारखान्यांच्या कोपऱ्यावर एकच प्रश्न: "वास येतो?" मी म्हटलं, मी बाहेर उदबत्ती धरते, तुम्ही आत बसून एकदा खात्री करा. तर चिडले. "बाहेर माझी जागा हाय," म्हणाले.

मांदेलीने सगळं उघडं केलं. नानांनी बाजारातून मांदेली, ती बारीक मासळी, आणली होती, पण घरी पिशवी पोचली नाही. कोळणीने पैसे घेऊन पिशवी दिलीच नाही, असं ठरवून ते तिला दोन शब्द सुनावूनही आले. दोन दिवसांनी सकाळी मी गाडीत बसले आणि पदर नाही म्हणून ओढणी नाकाला लावली. नाना प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "आज हवा कशी स्वच्छ हाय, नाय?"

मला वाटलं, हीपण परीक्षाच. मी सरळ म्हटलं, "नाना, गाडीत काहीतरी मेलंय."

त्यांचा चेहरा उतरला. गाडी बाजूला घेतली आणि घाईघाईने कांडी इकडून तिकडे ओढायला लागले. मी सीटखालून पिशवी काढली. त्यांनी ती नाकाशी नेली आणि दोनदा हुंगली. त्यांना वासच येत नाही, हे मला तेव्हा समजलं.

"कारखान्यातच गेलं," ते म्हणाले. "हळूहळू. पयला फोडणीचा वास गेला, मग वाडीतल्या चाफ्याचा, मग सगळाच. कोणाला बोलू नको, बाय. तुझ्या काकीला तर नायच नाय. तिला वाटतं, हा कारखान्यातला माणूस, घरात काय गळलं तर ह्याला पयलं कळंल. त्या भरवशावर झोपते ती."

मी विचारलं, मग बारशाला जाताना काकींनाच का नाही विचारायचं, वास येतो का म्हणून?

"ती खोटं बोलते. वास आला तरी नाय म्हणंल. मी घाबरीन म्हणून, गाडी मागं फिरवीन म्हणून."

म्हणजे नानांना सून नको होती, नाक हवं होतं. घरी येऊन मी आईला पुतण्या नाही एवढंच सांगितलं. ती थोडी खट्टू झाली.

मासवणला नात झाली. काकींनी फोनवर तिचा फोटो दोन बोटांनी मोठा करकरून बघितला आणि पिवळ्या कापडाची कुंची शिवली. बारशाच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. मी पुढे, काकी मागे, मांडीवर पिशवी आणि हातात दम्याचा फवारा. श्रावणातला बारीक पाऊस. कारखान्यांच्या रस्त्याला लागलो तसा नानांनी कांडी आतल्या हवेवर नेली आणि पंखा सुरू केला. बर्फाचं बटण पट्टीखाली.

तीन माणसांचा श्वास आणि ओले कपडे. काच पांढरी व्हायला लागली. नाना खांद्यावरच्या टॉवेलने पुसायचे, ती पुन्हा धुरकटायची. पुढे टँकर आहे हे त्याचे लाल दिवे एकदम जवळ आले तेव्हा कळलं. नानांनी जोरात ब्रेक मारला आणि गाडी कडेला घेतली.

"बाहेर वास हाय?" त्यांनी मला विचारलं.

होता. मी हो म्हटलं. मग आता तीनच वाटा होत्या. कांडी सरकवून बाहेरची हवा घ्यायची, म्हणजे काकींची धाप. बर्फाचं बटण दाबायचं, त्याने काच निवळेल हे मी सांगितलं, पण नानांच्या लेखी तो पाइपातला गॅस. किंवा मागे फिरायचं. नानांनी मागे फिरण्यासाठी वळायचा दिवा लावला. टिकटिक सुरू झाली.

मागून काकी म्हणाल्या, "अहो, थांबा जरा. मी आजवर खोटं बोलत आले, ते तुमाला पण माहीत हाय. आज खरं सांगीन. ते बटण दाबा. जरा जरी त्रास झाला, तर पयल्या श्वासाला सांगीन. मग फिरवा."

नाना नखाने पट्टीचा कोपरा उचलत होते, तो निघत नव्हता. मी मदत केली नाही. शेवटी पट्टी निघाली. त्यांनी बटण दाबलं. इंजिन किंचित दबलं आणि पुन्हा सावरलं. मी तिसरा खटका काचेच्या चित्रावर नेला. काच खालून वर निवळत गेली, टँकर दिसला, त्याच्या पलीकडचा रस्ता दिसला. नानांनी तिकडे बघितलंच नाही. ते आरशात काकींकडे बघत होते.

मग त्यांनी मला नाही, काकींना विचारलं. "वास येतो?"

काकींनी नीट वेळ घेतला. "येतो," म्हणाल्या.

नानांचा हात बटणाकडे गेला.

"बटणाचा नाय. तुमच्या टॉवेलचा. वाळला नाय तो नीट, कुबट झालाय. तुमाला कळायचं नाय. कधीपासून कळत नाय, ते मला ठाऊक हाय."

नानांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी सांगितलेलं नाही, हे मी नुसती मान हलवून सांगितलं. बहुतेक त्यांना ते खरं वाटलं. त्यांनी टॉवेल घडी करून माझ्याकडे दिला, टिकटिक बंद केली आणि गाडी पुढे काढली. पालघर मागे पडलं. पुढे मनोरच्या रस्त्याला लागल्यावर काकींनी विचारलं, आता काच उघडू का. नाना म्हणाले, उघड.

मासवणला दारातच लेकीने आईच्या गळ्यात हात टाकले. काकींनी कुंची काढून नातीला घातली. कुंची जरा मोठीच झाली होती. आत बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. नाना कुठे दिसेनात, म्हणून व्याह्यांनी मला बघायला पाठवलं.

ते अंगणाबाहेर गाडीत होते. चारही काचा बंद, इंजिन चालू, आणि नाना मागच्या सीटवर, काकी बसल्या होत्या त्याच जागी, मांडीवर हात ठेवून बसलेले. मी काचेवर टकटक केली. त्यांनी काच थोडी खाली केली.

"इथे हवा कमीच पोचते," ते म्हणाले. "जाताना तुझ्या काकीला पुढं बसव."

परतताना काकी पुढे बसल्या आणि मी मागे. मागे हवा खरंच कमी येते.