कसबे सरांचा चार्ज

फुटबॉलची फायनल संपायला सात मिनिटं उरली होती, दोन्ही बाजूंचा एकेक गोल झाला होता आणि आमच्या कॉलेजचे दोन खेळाडू मैदानाच्या रेषेवर उभे राहून निवांत बोलत होते. एक बाहेर आलेला, दुसरा आत जाणारा. बाहेर आलेला बोटानं लांबवर काहीतरी दाखवत होता, आत जाणारा मान डोलवत होता. रेफरी शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद झाला होता. समोरच्या कॉलेजचे कोच पाण्याची बाटली आपटून आमच्या सात पिढ्यांची चौकशी करत होते. आणि आमचे कोच कसबे सर हाताची घडी घालून वर आभाळात फिरणाऱ्या घारीकडे बघत होते.

मी तेव्हा कॉलेजात नवा होतो. हेडक्लार्क म्हणून येऊन तीन महिने झाले होते. शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला मी विचारलं, हे काय चाललंय? तो शांतपणे म्हणाला, "चार्ज देतोय."

आमच्या पिंपरी-चिंचवडात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कंपनीत शिफ्ट सुटली की जुना कामगार लगेच निघत नाही. नवा माणूस येतो, दोघं मशीनपाशी पाच-दहा मिनिटं उभे राहतात, आणि जाणारा येणाऱ्याला सांगतो की मशीन आज कशी वागतेय. हा चार्ज. कसबे सर कॉलेजात येण्याआधी बारा वर्षं चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर होते, कंपनीच्या टीमकडून फुटबॉल खेळायचे. मग बी.पी.एड. केलं, इकडे आले, आणि चार्जची सवय कंपनीतूनच आणली, असं सगळे सांगायचे. त्यांच्या टीममध्ये खेळाडू बदलताना टाळी देऊन पळत सुटायचं नाही. बाहेर येणाऱ्यानं आत जाणाऱ्याला तीन गोष्टी सांगायच्याच. काय चालू, काय बंद, कशावर लक्ष.

त्या दिवशी बाहेर आलेल्या पोरानं सांगितलं होतं की त्यांचा उजवा बॅक दमलाय आणि वळताना दर वेळी एकाच बाजूनं वळतो. आत गेलेल्यानं चौथ्या मिनिटाला त्याच्याच दुसऱ्या बाजूनं घुसून गोल मारला. आम्ही फायनल जिंकलो. दोन्ही पोरांना गप्पा मारल्याबद्दल पिवळं कार्ड मिळालं. सरांनी घारीवरची नजर काढली आणि म्हणाले, "चला. पोरांना केळी द्या."

कसबे सरांचं बोलणं नेहमी नुकतंच झोपेतून उठल्यासारखं असायचं. आवाज कधी चढला नाही. इतर कोच मैदानाच्या कडेनं पळतात, ओरडतात, केस उपटतात. सर फक्त उभे असायचे आणि मधूनच लांब कुठंतरी बघायचे. दुपारी जेवण झालं की मैदानाच्या कोपऱ्यातल्या शिरीषाखाली चटई टाकून आडवे व्हायचे. प्राचार्यांनी एकदा त्यांना तसं पकडलं तेव्हा उठून बसले आणि म्हणाले, "सर, मॅचच बघत होतो. आपला कीपर फार पुढं येतोय." पुढच्या मॅचला कीपर खरोखरच पुढं आला आणि डोक्यावरून गोल खाल्ला. तेव्हापासून शिरीषाखालची झोप ही कॉलेजनं कामाची वेळ म्हणून मान्य केली.

थंडीत सकाळी सहाला मी कधी लवकर आलो तर गेटपाशी थांबून राहायचो. नदीकडून धुकं आलेलं असायचं, मैदान दिसायचंच नाही. पलीकडच्या कारखान्याचा धप, धप असा आवाज आणि त्यात बॉलला लाथ बसल्याचा आवाज, एवढंच. मग धुक्यातून एखादा पोरगा धावत बाहेर यायचा आणि परत आत नाहीसा व्हायचा. मधोमध सर उभे, डोळे मिटलेले. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेला मी माणूस, पण त्या मैदानावर मलाही वाटायचं की आपण अजून उठलेलोच नाही.

चार्जच्या पायी एकदा गोलही खाल्ला. एका पोराचा बाप कंपनीत सुपरवायझर, त्यामुळे पोराला सगळं सविस्तर सांगायची घराण्यातूनच आलेली सवय. तो रेषेवर उभा राहून गवत कुठं ओलं आहे इथपासून सांगायला लागला. तोवर आमची दहाच पोरं आत, आणि समोरच्यांनी बॉल घातला जाळ्यात. आम्ही सगळे कपाळ धरून बसलो. सरांनी त्या पोराला जवळ बोलावलं. पोरगा रडायच्या बेतात. सर म्हणाले, "गोल होतात रे. सांगून पूर्ण झालं ना तुझं?"

कॉलेजात या चार्जची भरपूर टिंगल व्हायची, आणि त्यात मी आघाडीवर होतो हे कबूल केलं पाहिजे. कँटीनचे अण्णा आम्हाला बघून म्हणायचे, पोहे चालू, वडा बंद, चटणीवर लक्ष. स्टाफरूममधून कुणी बाथरूमला निघालं तरी लोक चार्ज मागायचे. सर हसायचे, त्यांना राग येत नसे. कप मात्र येत राहिले. आधी जिमखान्याचं कपाट भरलं, मग कपाटाचा माथा, मग एक ढाल माझ्या ऑफिसात फायलींवर येऊन बसली.

आणि मग सरांच्या रिटायरमेंटचा महिना आला.

कॉलेजात नोकरी सोडणाऱ्यानं आपला कार्यभार पुढच्या माणसाला सोपवून तसा कागद द्यायचा असतो. तो कागद घेणं माझं काम. मला वाटलं, या माणसाचं काम एका दिवसात होईल. उभा जन्म दुसऱ्यांकडून चार्ज घेतलाय यानं. पण झालं उलटंच. पहिल्या आठवड्यात म्हणाले, जाळी मोजायची आहेत. दुसऱ्या आठवड्यात, एक बॉल कमी भरतोय. तिसऱ्या आठवड्यात मी कागद घेऊन मैदानावर गेलो तर चटईवर बसून म्हणाले, "भाऊसाहेब, गवताचा चार्ज राहिलाय अजून." क्लार्क माणसाला कॉलेजात सगळे भाऊसाहेबच म्हणतात. मी चिडलो. म्हटलं, सर, महिना संपत आला, मॅडम रोज येऊन बसतायत, तुम्ही सही केल्याशिवाय त्यांनी काम करायचं कसं?

मॅडम म्हणजे साळवे मॅडम, त्यांच्या जागी नेमलेल्या नव्या कोच. वय जेमतेम तीस, हातात लॅपटॉप, गळ्यात शिट्टी. त्यांनाही घाई झाली असेल असं मला वाटत होतं. पण त्या माझ्यावरच डाफरल्या. म्हणाल्या, "राहू द्या हो भाऊसाहेब. त्यांना सही करायची नाहीये. सही झाली की घरी जावं लागेल ना."

सरळ गोष्ट होती, आणि ती मला दिसली नव्हती. सरांच्या घरी कुणी नव्हतं. बायको मी कॉलेजात यायच्या आदल्या वर्षी वारलेली, मुलगी आयटीत, नवऱ्यासोबत पिंपळे सौदागरला राहणारी. या माणसाचा दिवस मैदानावर उगवत होता आणि मैदानावरच मावळत होता. तो कागद देऊन मी त्याच्याकडून तेच मागत होतो.

शेवटी चार्ज दिला त्यांनी. चार दिवस लागले. सर आणि मॅडम मैदानभर फिरत होते, मी कागद घेऊन मागे. मला वाटलं होतं की डावपेच सांगतील. सर सांगत होते की उत्तरेच्या गोलपाशी पाणी साचतं, तिथं जून-जुलैत पोरांना पळवू नका. पेनल्टीच्या ठिपक्यावर जी कुत्री झोपते तिला हाकलू नका, शिट्टी वाजली की आपण होऊन उठते. अमुक पोराच्या बापाला ओव्हरटाइम असला की पोरगा डबा न खाता येतो, त्याला आधी खायला घाला, मग काय ते बोला. कॅप्टनला चारचौघांत रागवू नका. तमका गोल मारल्यावर घरी फोन लावतो आणि त्याचा फोन कुणी उचलत नाही, तेव्हा जरा त्याच्या जवळ उभे राहा. साळवे मॅडमनी पहिल्या दिवशी लॅपटॉपवर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप बंद करून नुसत्या ऐकत राहिल्या.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला सरांनी सही केली. सत्काराची शाल आणि नारळ पिशवीत टाकला आणि मला म्हणाले, निगडीपर्यंत सोडता का? मी स्कूटर काढली. रस्त्याला कंपन्यांच्या बसेसची रांग लागलेली, खिडक्यांना डोकी टेकून झोपलेली माणसं.

निगडीच्या प्राधिकरणात तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. पिशवी धरायला म्हणून मी वर गेलो. दारापाशी आल्यावर सरांनी बेल वाजवली. मला वाटलं, मुलगी आली असणार. स्वयंपाकघरातून दारापर्यंत यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते थांबले. मग खिशातून किल्ली काढून दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. मी विचारलं, बेल कुणासाठी? ते म्हणाले, "वाजवतो आपली."

मग चप्पल काढता काढता, जागेवरच उभे राहून बोलायला लागले. कंपनीत असताना ते सकाळच्या शिफ्टला असायचे आणि त्यांची बायको नंदाताई चाकणलाच वायरिंगच्या कंपनीत दुपारच्या शिफ्टला. पोरगी लहान. सर घरी यायचे तेव्हा नंदाताई तयार होऊन दारात उभी असायची, खाली कोपऱ्यावर तिची बस लागलेली. दहा मिनिटं मिळायची. पोरीला दूध पाजलंय, भात झाकून ठेवलाय, खोकला आहे, रात्री झोपताना पाठीला तेल लाव. एवढं बोलून जिना उतरायची. कित्येक वर्षं त्यांचा संसार दिवसाला दहा मिनिटं, आणि तोही दारात उभ्यानं झाला. सर म्हणाले, लोकांना वाटतं मी चार्ज कंपनीत शिकलो. कंपनीत नुसतं मशीनचं सांगतात हो.

मी विचारलं, मग मैदानावर हे कधी सुरू केलं?

"ती गेल्यावर."

मॅच होती त्या दिवशी. नंदाताईंना बसमध्येच त्रास व्हायला लागला, बायकांनी तशीच बस दवाखान्याकडे वळवली. सरांचा फोन बॅगेत होता. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

"तिनं कधी चुकवला नाही चार्ज, भाऊसाहेब. तेवढा एकदाच. कुठं काय ठेवलंय, कुणाचं काय द्यायचंय, पोरीशी काय बोलायचं असतं, काहीच सांगितलं नाही. एवढी वर्षं झाली, मी अंदाजानंच घर चालवतोय."

मला खूप वाईट वाटलं, आणि कँटीनमधल्या माझ्या सगळ्या विनोदांची लाज वाटली. पिशवी हातात तशीच धरून मी उभा होतो. नारळ टेबलावर ठेवला तर तो गडगडत गेला, तो पकडायला वाकलो, तेवढंच बरं झालं.

"बसा, चहा टाकतो," सर म्हणाले. "साखर कुठं असते ते कळलंय मला आता."

ते आत गेले. मांडणीवर स्टीलचे डबे ओळीनं लावलेले होते, सगळे सारखे, एकावरही चिठ्ठी नव्हती. त्यांनी एक उघडला, त्यात तूरडाळ निघाली. दुसऱ्यात शेंगदाण्याचं कूट. तिसऱ्यात साखर होती. सरांनी तो डबा दोन्ही हातांनी उचलून मला दाखवला.