सामायिक बटण

"ह्या वर्षी आंबे दलालाक घालूचे नाय, भाई. मी वेबसाइट करतंय. गिऱ्हाईक घरात बसान मागवतला."

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी देवगडजवळच्या आपल्या घरातून करणाऱ्या केयूरने वडिलांना असा शब्द दिला, आणि भाईंनी तो खरा मानला. इथेच सगळं चुकलं. दारात आलेला दलालाचा टेम्पो त्यांनी छाती पुढे काढून परत धाडला. "औंदा माझो झील इकतलो," म्हणाले. बरं, झील हुशार होता, यात शंका नाही. हुशार माणसांनीच तर घोळ घालायचे असतात.

भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरातला चुलतभाऊ विश्वेश मदतीला आला. तोही त्याच विद्येतला. केयूरने आंबे दाखवायचे, विश्वेशने ऑर्डर घ्यायच्या, असं ठरलं.

"फोटो कधी लावतलास?" भाईंनी विचारलं.

"आधी मांडणी, भाई. पायो नीट नसलो तर घर पडता." केयूरने स्क्रीन दाखवली. "ह्या फोल्डर माझा, ह्या विश्याचा. आणि ह्या सामायिक. बटणा, रंग, अक्षरा, दोघांक लागता ता सगळा हयसर."

सामायिक म्हटल्यावर भाईंचा चेहराच उतरला. "अरे, परसातलो फणस सामायिक आसा. तेचो गरो आमच्या तोंडात कधी गेलोहा? हे म्हणतत थांबा, ते म्हणतत थांबा, आणि फणस पडान कुसता."

"भाई, फणस वेगळो. ह्या कोड आसा."

"कोड आसांदे. तुमी दोघव आमचेच मा?"

केयूर हसला. त्याने तेव्हा ऐकायला हवं होतं, पण बापाचं वेळेवर ऐकेल तो झील कसला!

पुढच्याच आठवड्यात केयूर भिंतीवरून ओरडला, "विश्या, बटण हिरवा कोणी केल्यान?"

"मी. माझ्या पानार शोभता."

"माझ्या पानार मागे आंब्याचो पालो आसा! 'खरेदी करा' दिसणाच नाय. सामायिकातल्या वस्तूक माका इचारल्याशिवाय हात कसो लावलंस?"

"आणि काल तू अक्षरा वाढयलंस, ती कोणाक इचारून?"

मग नियम झाला, की एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याने सामायिकात काही बदलायचं नाही. झालं! संमती कोणीच देईना. बटण नारिंगी करायला विश्वेशची हरकत, कडा गोल करायला केयूरची हरकत. शेवटी दोघांचं बोलणंच तुटलं. केयूर आईला म्हणाला, "अक्का, तेका सांग, माझी हरकत आसा म्हणान."

"मी काय तलाठी आसंय?" अक्का भडकली. "आंबे उतरवन झाले. गवताच्या अढयेत पिकत घातलेत. वास येवक लागलो. तेंचा काय ता बघ!"

"वाटणी चललीहा. मगे बघतंय."

वाटणी मात्र चोख झाली. सामायिक फोल्डर मोडलं, ज्याचं त्याने उचललं. केयूरच्या साइटवर आंबे दिसत, पण घेता येत नसत. विश्वेशच्या साइटवर घेता येत, पण काय घेतोय ते दिसत नसे. दोघांच्याही मांडणीत खोट काढायला जागा नव्हती.

एका सकाळी केयूर माजघरात गेला. भाई गवतात बसून आंबे निवडत होते. बरे आंबे एकीकडे, काळे ठिपके पडलेले दुसरीकडे. दुसरीकडचा ढीगच मोठा होता. दलालाला फोन केला होता, पण त्याचे टेम्पो आता दुसऱ्यांच्या बागांना लागले होते. हे भाईंनी सांगितलं नाही. अक्काने सांगितलं. भाई नुसते निवडत राहिले. वर्षभर झाडांखाली राबलेला माणूस आपल्या एका शब्दावर विसंबून बसला आणि आपण बटणाच्या रंगावरून भांडलो, याची त्याला इतकी लाज वाटली, की तिथे उभं राहवेना.

तो तडक पलीकडे गेला. "विश्या, घाल तुझा हिरवा बटण. निळा घाल, काळा घाल. पण घाल."

विश्वेश आधीच ओशाळून बसला होता. "नाय रे, नारिंगीच बरा," एवढंच म्हणाला.

दोघांनी दुपारचं जेवणही लॅपटॉपपुढे घेतलं. तिन्हीसांजेला साइट सुरू झाली. आणि काय नवल, घटकाभरात घंटा वाजली. ऑर्डर! हापूस, एक पेटी.

"मारलंव रे!" विश्वेश ओरडला. दोघे रिकामी पेटी घेऊन माजघरात धावले. तिथे नुसतं गवत होतं. अक्काने दुपारीच बरे-वाईट सगळे आंबे पिळून रस साटांसाठी, म्हणजे आंबापोळीसाठी, ताटांत ओतला होता. उन्हाचं वाळवण तिने आता घरात आणून ठेवलं होतं.

केयूरने पेटी खाली ठेवली. पहिलंच गिऱ्हाईक, त्याला काय तोंड दाखवायचं? निदान माफी तरी मागू म्हणून त्याने मोबाइलवर नावपत्ता उघडला. गाव त्याचंच होतं. घर त्याचंच होतं. नाव भाईंचं होतं.

तो पडवीत आला. भाई झोपाळ्यावर बसून चष्मा पुसत होते, फोन मांडीवर.

"भाई... आंबे संपले."

"माका ठावक आसा." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "घाई नाय रे. फुडल्या वर्साचे दिलंस तरी चलात."